आजीच्या लुगड्याचं झबलं



माझं माहेर वरळी कोळीवाडा आणि सासर इकडे अलिबाग तालुक्यात. २०२०च्या गुढीपाडव्याच्या चार दिवस आधी माझी भावजय बाळंत झाली. मुलगा झाला. पाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. महिना संपता संपता तर कोळीवाडाच सील झाला. आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही.

घरात नवं बाळ, आणि त्याच्यासाठी दवाखान्यातून आलेली दोन दुपटी. एवढंच. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, बाळ जन्माला यायच्या आधी त्याचे कपडे आणायचे नाहीत. बारशाचा बाळंतविडा मी घेऊन जाणार होते. झबली, टोपडी, कुंची, सगळं दादरला हिंदमाताला जाऊन घ्यायचं ठरलं होतं. पण मांडव्याची लाँच बंद, एसटी बंद, हिंदमाताही बंद. समोर समुद्रापलीकडे मुंबई आहे हे माहीत, आणि एक झबलं पाठवता येत नाही!

शेवटी माझी आय म्हणाली, "माझी दोन जुनी लुगडी हायत. ती फाडा." घरातल्या शिलाई मशीनचा पट्टा तुटलेला. आयला सुईत दोरा ओवता येत नाही, नजर कमी. भावजय ओली बाळंतीण, तिला बसायला लावायचं नाही. राहिला माझा भाऊ. बोटी बंद म्हणून तो घरीच होता. जाळं दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला. मी फोनवर माप सांगायचे आणि तो शिवायचा. कोळीवाड्यात त्याची बरीच चेष्टा झाली म्हणे, पण बारशाच्या दिवशी बाळाच्या अंगावर स्वच्छ नवं झबलं होतं.

त्या वेळी फोनवर जे जे सांगितलं, जे सांगायचं राहिलं आणि त्यामुळे जे झालं, ते सगळं इथे लिहिते आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणी ब्लाऊज शिवतात, २०२० साली मास्कही शिवले. पण लहान मुलाचा कपडा म्हणजे मोठ्या माणसाचा कपडा लहान करून शिवणं नव्हे. तिथेच चूक होते.

आधी कापडाचं बोलू. जुनं सुती लुगडं बाळाला का चांगलं? ते शे-दोनशे वेळा धुतलेलं असतं. खळ गेलेली असते, कच्चा रंग गेलेला असतो, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. सूत मऊ पडलेलं असतं. नव्या जन्मलेल्या बाळाची कातडी फार पातळ असते, तिला नव्या कापडाची खळ आणि रंग टोचतात. जुन्या बायका म्हणायच्या की म्हाताऱ्या माणसाच्या कपड्याचं पहिलं झबलं घातलं की त्याचं आयुष्य बाळाला लागतं. आयुष्याचं मला ठाऊक नाही, पण घामोळं कमी येतं हे मी पाहिलेलं आहे. मुंबईच्या दमट एप्रिल-मे महिन्यांत तर नक्कीच.

पण लुगडं सुतीच आहे याची खात्री करून घ्या. हल्ली सुतीसारख्या दिसणाऱ्या साड्यांत अर्धं टेरीकॉट असतं. कडेचे दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटाने चुरगळली जाईल अशी राख उरते. टेरीकॉट किंवा नायलॉन वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मणी झाला तर ते कापड बाळाला नको. ते घाम शोषत नाही. शिवाय आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, धुरी असते. सुती कापडही पेटतंच, त्याला जपायलाच हवं, पण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची. जुनं लुगडं बहुतेक ट्रंकेत असतं आणि ट्रंकेत डांबरगोळ्या असतात. त्या गोळ्यांचा वास म्हणजे नुसता वास नव्हे, ते रसायनच हवेत उडत असतं आणि कापडात मुरतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो, डॉक्टर त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. वरून बाळ अगदी धडधाकट दिसतं. पण अशा बाळाला डांबरगोळ्यांच्या कपड्यात गुंडाळलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, बाळ पिवळं पडतं, कावीळ डोक्यात जाण्याइतकी वाढू शकते. आपल्या बाळात ती कमतरता आहे की नाही हे घरबसल्या कळत नाही. म्हणून ट्रंकेतलं कापड दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात दोन-तीन दिवस टाका, आणि नाक लावून बघा. वास राहिला असेल तर त्याची पिशवी शिवा, झबलं नको. शिवलेले कपडे ठेवतानाही डांबरगोळ्या घालू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा.

आमची आय हसली, "माझ्या ट्रंकेत गोळ्या नाय, सुकटीचा वास हाय." तो निघाला दोन धुण्यांत.

नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या टोकाला ते विरलेलं असतं, ते काढून टाका. उजेडासमोर धरलं की विरलेली जागा लगेच दिसते. राहिलेल्यातून भावाने सहा झबली, बारा लंगोट आणि दोन दुपटी काढली. काठ कडक असतो, म्हणून तो गळ्याला किंवा काखेत कधी येऊ देऊ नका. खालच्या घेराला आला तर शोभतोही आणि टोचतही नाही. लंगोटाला शिवण लागतच नाही म्हटलं तरी चालेल. साधारण बावीस-तेवीस इंचांचा चौकोन फाडायचा, कडा बारीक दुमडायच्या, आणि बांधताना त्रिकोणी घडी घालायची. आमच्याकडे जुने लोक कमरेला त्रिकोणी रुमाल नेसायचे, सुरका. भाऊ म्हणाला, कोळ्याचा पोर जन्मल्यापासून सुरकाच नेसतो, त्यात नवं काय!

झबल्याचं मात्र नीट समजून घ्या.

बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. जन्मतः डोक्याचा घेर साधारण साडेतेरा इंच आणि छातीचा तेरा, म्हणजे छातीपेक्षा डोकं मोठं! वर्षाचं होईपर्यंत दोन्ही अठराच्या आसपास येऊन बरोबरीला येतात, मग छाती पुढे जाते. मोठ्यांचा कपडा छातीच्या मापावर बेततात. बाळाचा कपडा डोक्यावर बेतावा लागतो. झबलं छातीला सैल होतं आणि गळ्यातून डोकं जात नाही, हा अनुभव पहिल्यांदा शिवणाऱ्या प्रत्येकीला येतो. मग आपण गळा मोठा कापतो, आणि झबलं खांद्यावरून घसरतं. उपाय गळा मोठा करण्यात नाही. मागे चीर ठेवण्यात आहे.

सहा महिन्यांपर्यंत चालेल असं माप देते. एकोणतीस इंच लांब आणि वीस इंच रुंद कापड घ्या. आधी आडवी घडी घाला, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकावर एक येतील आणि घडी खांद्यावर राहील. मग उभी घडी घाला. चार पदर झाले. जिथे दोन्ही घड्या मिळतात तो कोपरा म्हणजे गळा. त्या कोपऱ्यापासून खांद्याच्या घडीवर दोन इंच मोजून खूण करा, उभ्या घडीवर पाऊण इंचावर खूण करा आणि चारही पदर गोलाईत कापा. मग फक्त पुढच्या भागाचे दोन पदर उचलून गळा दोन इंच खोल करा. पुढे खोल, मागे उथळ. हे उलटं झालं तर झबलं सारखं पाठीकडे ओढतं आणि बाळाच्या गळ्याला काचतं.

अंगासाठी छातीचा घेर सतरा धरा, त्यात हालचालीला पाच इंच सैल द्या, झाले बावीस. त्याचा चौथा भाग साडेपाच, आणि शिवणीला अर्धा इंच, म्हणजे उभ्या घडीपासून सहा इंच. खांद्याच्या घडीपासून पाच इंच खाली बाहीची खूण करा. बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत आडवं, मग काखेत गोल वळण घेऊन सरळ खाली कापत जा. बाही वेगळी जोडायची नाही, ती अंगातच येते. काखेत टोकदार कोपरा ठेवू नका. तिथे शिवण फाटते आणि बाळाला लागतेही.

आता मागच्या भागाला मधोमध गळ्यापासून पाच इंच चीर द्या. हिशेब बघा. गळ्याचा घेर साधारण अकरा इंच झाला. चिरेच्या दोन्ही बाजू मिळून दहा. एकूण एकवीस इंच मोकळीक. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं सतरा इंचांच्या आसपास असतं, म्हणजे आरामात जातं. आधी हा हिशेब करायचा, मग कात्री चालवायची. अगदी तान्ह्या बाळाचं झबलं मात्र मागे खालपर्यंत पूर्ण उघडं ठेवा. त्याची मान धरत नाही, डोक्यावरून कपडा घालायची वेळच येऊ नये. त्या मापाची सहाच शिवा, हौसेने वीस शिवलीत तर पडून राहतात. बाळ पाच महिन्यांत वजनाने दुप्पट होतं आणि वर्षात तिप्पट. म्हणून खालची दुमड दीड इंच ठेवा, वाढत्या अंगाला उसवून सोडता येते.

शिवण हाताने चालते. पण ती अशी करा की कापलेली कड कुठेही उघडी राहणार नाही. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून आधी कडेला बारीक धावदोरा घाला. कड छाटून कपडा उलटा करा, आणि त्याच शिवणीवर दुसऱ्यांदा टीप घाला. पहिली कड दुसऱ्या शिवणीच्या पोटात बंद होते. वेळ दुप्पट लागतो. काही जणी म्हणतात, तान्ह्याचं झबलं काय, दोन महिन्यांचं, कशाला एवढं? त्याचं उत्तर पुढे आहे.

भावाची एक गंमत सांगते. त्याने पहिलं झबलं शिवलं आणि प्रत्येक शिवणीच्या टोकाला जाळ्याची गाठ मारली, तीही आतून. आयने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "अरं, ही जाळी नाय, पोराचं झबलं हाय." बाळ चोवीस तास पाठीवर असतं, त्याला तीळभर गाठही रुतते. गाठ बाहेरून मारा, किंवा गाठीऐवजी त्याच जागी तीन टाके मागे घ्या. शिवून झालं की झबलं उलटं करून आपल्या गालावर फिरवा. गालाला टोचलं तर बाळाला टोचणारच.

आता ते जे सांगायचं राहिलं होतं.

झबली छान झाली म्हणून भावाला हुरूप आला. उरलेल्या तुकड्यांतून त्याने बाळाचे पायमोजे शिवले, साध्या पिशवीसारखे. फोनवर दाखवले, मीही "वा वा" म्हटलं. त्याने ती दुहेरी शिवण घातली नव्हती, आत कापडाची कड उसवलेली होती, आणि माझ्या ते ध्यानातच आलं नाही. रात्री अकराला फोन आला. बाळ तासभर किंचाळून रडतंय, दूध घेत नाही, पोट मऊ आहे, ताप नाही. कोळीवाडा सील, रात्रीची वेळ, दवाखान्यात न्यायचं तर आधी कुणाकुणाला विचारायचं. आय ओवा म्हणाली, शेजारीण दृष्ट काढा म्हणाली. मला आमच्या आरोग्य सेविकेने एका बैठकीत सांगितलेलं आठवलं, की रडायचं कारण सापडत नसेल तर बाळाला पूर्ण उघडं करून प्रत्येक बोट बघा. मी तेच सांगितलं.

डाव्या पायाच्या तिसऱ्या बोटाला मोज्यातला सुटा धागा तीन वेढे घेऊन आवळला होता. बोट लाल आणि फुगलेलं. भावाने बॅटरीच्या उजेडात सुईच्या बोथट बाजूने धागा उचलला आणि कापला. अर्ध्या तासाने बाळ दूध पिऊन झोपलं. आम्ही तिघं मात्र झोपलो नाही. सकाळपर्यंत बोट पूर्ववत झालं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

हे काही आमच्याच घरी झालेलं नाही. डॉक्टरांना हा प्रकार ठाऊक असतो. बोटाला धागा किंवा केस गुंडाळला की पायाच्या हालचालीने तो आवळत जातो, बोट सुजतं, सुजलं की फास आणखी रुततो, आणि रक्त बंद होतं. फार वेळ गेला तर बोट गमवावं लागतं. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी आईचे केस गळायला लागतात, तो लांब केस तर धाग्यापेक्षा वाईट, दिसतसुद्धा नाही. बोट निळं-काळं दिसलं, किंवा सुजेत धागा सापडला नाही, तर घरी खटपट करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. माझं मत विचाराल तर मोजे आणि हातमोजे शिवूच नका. नखं कापली की हातमोजे लागत नाहीत, आणि आपल्या हवेत मोजेही क्वचितच लागतात. बाळाला गार वाटतंय का ते तळपायावरून कळत नाही, पोटाला किंवा मानेच्या मागे हात लावून बघा. शिवायचेच असतील तर कड बंद करा आणि दर वेळी घालण्याआधी मोजा उलटा करून बघा.

गळ्याचंही असंच. झबल्याच्या चिरेला बंद लावायचे ते तीन-चार इंचांपेक्षा लांब नकोत. फक्त बांधता यायला हवेत, गळ्याभोवती फिरायला नकोत. गळ्यातून ओवलेली, ओढून आवळायची नाडी तर अजिबात नको. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांचं जे मानक आहे, त्यात सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी ठेवायचीच नाही असं आहे, कारण ती अडकून मुलं गुदमरलेली आहेत. आपलं टोपडं हनुवटीखाली बांधायचं असतं. बाहेर नेताना, आपली नजर असताना बांधा. झोळीत किंवा पाळण्यात झोपवताना सोडून ठेवा. बटणाऐवजी बंद किंवा टिचबटण बरं, पण टिचबटणही घट्ट शिवा आणि आठवड्याला ओढून बघा. बाळ सहा महिन्यांचं झालं की हाताला लागेल ते तोंडात घालतं. मोती, टिकल्या, लोकरीचे गोंडे हे सगळं फोटोपुरतं ठीक. संक्रांतीला बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घालतो, तेही कार्यक्रम झाला की लगेच उतरवा.

मूल चालायला लागलं की शिवणं सोपं होतं. चड्डीला इलॅस्टिक घालताना कमरेच्या मापापेक्षा एक-दीड इंचच कमी घ्या, आणि दोन बोटं सहज आत जायला हवीत. संध्याकाळी चड्डी काढल्यावर पोटावर लाल वळ दिसला तर तो घट्ट आहे. कमरेला इलॅस्टिकसाठीच्या पट्टीत एक बारीक फट उघडी ठेवा, म्हणजे पोट वाढलं की इलॅस्टिक बदलता येतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला स्वतःची चड्डी स्वतः खाली ओढता आली पाहिजे, हुक आणि चेन लावून ते होत नाही. शिकवायच्या वयात याने फार फरक पडतो. फ्रॉकला खिसा ठेवा. दोन वर्षांच्या पोरींना खिसा मिळाला की त्या दिवसभर शिंपले नि चिंचोके भरत बसतात.

गटातर्फे विकायला शिवायचं असेल तर एक लक्षात ठेवा. जुनं कापड घरच्या बाळाला चालतं, गिऱ्हाईकाला नाही. त्यासाठी नवी मऊ मलमल घ्या, पण कापण्याआधी धुवून वाळवून घ्या. नवं सूत पहिल्या धुण्यात आटतं, आणि गळा आटला तर सगळा हिशेब चुकतो. किंमत लावताना दुहेरी शिवणीचा वेळ धरायला लाजू नका. गिऱ्हाइकाला झबलं उलटं करून आतली बंद कड दाखवा, ते का केलं ते सांगा.

पुढच्या मासिक बैठकीत आपण झबल्याचा कागदी नमुना कापणार आहोत. येताना वर्तमानपत्राचे दोन मोठे कागद, मोजपट्टी, कात्री आणि घरात असेल तर एक जुनं सुती लुगडं आणा. आधी वास घेऊन बघा, मग आणा.